पानफुटीची जोपासना

आपल्या शाळेच्या पायऱ्या चढून वर आलें कीं वऱ्हांड्यांत डाव्या हातास मातीच्या सात कुंड्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. जाणाऱ्या-येणाऱ्यांचें लक्ष त्यांच्याकडे सहसा जात नाहीं. कारण त्यांतील झाडांस फुलें येतात तीं वर्षांतून दोन-तीन महिनेच, आणि एरवीं जाड, हिरव्या, मांसल पानांखेरीज तेथें पाहण्याजोगें फारसें कांहीं नसतें. परंतु उन्हाळ्याच्या सुटींत शाळा पांच-सहा आठवडे बंद असते, माळी आपल्या गांवीं जातो, बागेंतील शेवंतीच्या व गुलाबाच्या काड्या होतात. आणि जून महिन्यांत आपण परत येतों तेव्हां ह्या सात कुंड्यांतील झाडें किंचित् रोडावलेलीं, पण जिवंत अशीं उभीं असतात. हें झाड म्हणजे पानफुटी. आपल्यासारख्या थोड्या पावसाच्या प्रदेशांत, जेथें वर्षाकांठीं पांच-सहाशें मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक समाधान मानतात, तेथें प्रत्येक घराच्या खिडकींत असावें असें हें झाड आहे. तें कसें लावावें, कसें राखावें आणि तें पाण्यावांचून इतके दिवस कसें तगतें, हें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे. शिवाय ह्या झाडापायीं माझ्या हातून घडलेली एक चूकहि सांगावयाची आहे. कारण झाडाची जोपासना मी पुस्तकापेक्षां त्या चुकीपासूनच अधिक शिकलों.

झाडाची ओळख

पानफुटीस पर्णबीज असेंहि म्हणतात. तिचें आजचें शास्त्रीय नांव कलांचो पिनाटा असें आहे; जुन्या ग्रंथांत ती ब्रायोफायलम ह्या नांवानें आढळते. हा शब्द ग्रीक भाषेंतील असून 'फुटणें' आणि 'पान' ह्या दोन शब्दांपासून तो झाला आहे. म्हणजे युरोपांतील पंडितांनीं जें नांव ग्रीक कोशांतून शोधून काढलें, तेंच आपल्या बायाबापड्यांनीं परसांत पाहून ठेविलें! झाडाचें मूळस्थान आफ्रिकेच्या पूर्वेस असलेलें मादागास्कर बेट होय. तेथून तें उष्ण कटिबंधांतील बहुतेक देशांत पसरलें, आणि दोनशें वर्षांपूर्वींहि तें आपल्या देशांत वाढत होतें.

पूर्ण वाढलेलें झाड तीन-चार फूट उंच होतें. खोड पोकळसर असतें. कोंवळ्या झाडाचीं पानें साधीं असतात. झाड जून झालें म्हणजे एकेका देंठावर तीन अथवा पांच पर्णिका येतात. पानांच्या कडा करवतीसारख्या तीक्ष्ण नसून बोथट खांचांच्या असतात व त्यांस पुष्कळदां जांभळी झांक असते. दिवस लहान होऊं लागले म्हणजे शेंड्यावर तुरा येतो, आणि हिंवाळ्याच्या उत्तरार्धांत त्यावर खालीं तोंड करून लोंबणारीं, कागदी कंदिलांसारखीं फुलें दिसूं लागतात.

ह्या झाडाचें खरें नवल पानांच्या त्या खांचांत आहे. प्रत्येक खांचेंत एक अतिसूक्ष्म अंकुर निद्रिस्त असतो. पान झाडावर आहे तोंपर्यंत तो बहुधा जागा होत नाहीं. परंतु पान गळून पडलें किंवा तोडलें म्हणजे झाडाचा त्यावरील दाब सुटतो आणि खांचाखांचांतून मुळें व इवलीं पानें बाहेर येतात. जर्मनीचा महाकवि ग्योटे ह्यास वनस्पतिशास्त्राचाहि मोठा नाद होता. हें झाड त्याच्या विशेष आवडीचें असून तो त्याचीं पानें व रोपें आपल्या स्नेह्यांस भेट म्हणून पाठवीत असे.

एक चूक

सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी पदवी घेऊन नुकताच शिक्षकाच्या पेशांत शिरलों होतों व इयत्ता सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. वर्गाच्या खिडकींत पानफुटीच्या चार कुंड्या ठेवून मीं एकेक कुंडी एकेका विद्यार्थ्याकडे सोंपविली. त्यांपैकीं एक मुलगा वसतिगृहांत राहणारा होता. त्याचे आईबाप दरसाल ऊसतोडणीस परमुलुखीं जात, आणि त्याच्या गांवीं उन्हाळ्यांत टँकर येईल तेव्हांच काय तें पाणी मिळे. त्यानें आपली कुंडी मोठ्या निष्ठेनें सांभाळली. सकाळीं प्रार्थनेपूर्वीं एक तांब्या व सायंकाळीं शाळा सुटल्यावर एक तांब्या, असा त्याचा नेम होता. ज्याच्या घरीं पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागे, त्यास झाडाला देण्याजोगी ह्याहून मोठी वस्तु ठाऊक नव्हती.

सहा आठवड्यांनीं त्याच्या झाडानें मान टाकली. पानें पिवळीं पडून खालीं लोंबूं लागलीं. मीं तें पाहिलें, आणि कांहीं चौकशी न करितां सर्व वर्गादेखत त्यास म्हणालों, "तुझ्याकडून एवढें साधें काम होत नाहीं काय? झाड तहानेनें मरत आहे." तो मुलगा इतकेंच म्हणाला, "गुरुजी, मी रोज पाणी घालतों." मीं त्यास खोटा म्हटलें नाहीं, पण त्याच्यावर विश्वासहि ठेविला नाहीं. "मग आणखी घालीत जा," असें सांगून मीं धडा पुढें चालविला.

त्यानें आणखी पाणी घातलें. आठ दिवसांत झाड बुंध्याशीं काळें पडून आडवें झालें. कुंडी पालथी करून पाहिली, तों आंत नुसता चिखल! मुळें तपकिरी, मऊ व दुर्गंधयुक्त झालीं होतीं, आणि कुंडीच्या तळाचें छिद्र मातीनें घट्ट बुजलेलें होतें. कुंडी भरतांना त्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवावयाचा असतो; तें माझें काम होतें व तें मीं केलें नव्हतें. उरलेले तीन विद्यार्थी विसराळू होते. आठवडा-आठवडा त्यांस पाण्याची आठवण होत नसे. त्यांचीं झाडें टवटवीत होतीं. जो मुलगा कर्तव्यांत एक दिवसहि चुकला नव्हता, त्यासच मीं बोल लाविला होता.

दुसऱ्या दिवशीं मीं सर्व वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. मान खालीं घालून उभा राहिला. त्याच आठवड्यांत वर्ग झाडण्यासाठीं खिडकीजवळचें फडताळ पुढें ओढलें, तेव्हां त्याच्यामागें त्या मेलेल्या झाडाचें गळून पडलेलें एक पान सांपडलें. त्यास ना माती मिळाली होती, ना पाणी. तरी त्याच्या कडांतून पांच रोपें वर आलीं होतीं व त्यांचीं पांढरीं मुळें दोऱ्यांसारखीं बाहेर पसरलीं होतीं. तें पान मीं त्या मुलाच्या हातांत दिलें. त्यानें पांचहि रोपें लावलीं व त्यांतलें एक मला आणून दिलें. वऱ्हांड्यांतील सात कुंड्या त्या एका रोपाचीच संतति आहेत.

लावणी

आतां रीत सांगतों. पान निवडावयाचें तें जून, जाड व न किडलेलें असावें. पसरट कुंडींत अथवा जुन्या थाळींत ओलसर वाळू घालून तें तिच्यावर नुसतें आडवें ठेवावें, पुरूं नये. देंठाजवळ एक लहानसा खडा ठेविल्यास पान हालत नाहीं. कुंडी उजेडांत, पण कडक उन्हापासून दूर असावी आणि वाळूवर एक-दोन दिवसांआड पाण्याचा हलका शिडकाव करावा. सुमारें दोन-तीन आठवड्यांत खांचांतून मुळें व अंकुर दिसूं लागतात. प्रत्येक रोपास पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या म्हणजे तीं अलगद सोडवून निरनिराळ्या कुंड्यांत लावावीं. तोंपर्यंत मूळ पान सुरकुतून जातें. कारण त्यांतील पाणी व अन्न त्यानें रोपांस वांटून दिलेलें असतें.

कुंडी मातीची असावी हें उत्तम. मातीची कुंडी आपल्या अंगांतून ओल बाहेर टाकते. पत्र्याच्या डब्यास किंवा प्लास्टिकच्या कुंडीस तो गुण नाहीं. तळास छिद्र असलेंच पाहिजे, व त्यावर खापराचा तुकडा उपडा ठेविला पाहिजे. आपल्या भागांतील काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून ती एकटी कधींहि वापरूं नये. बागेंतील माती दोन भाग, जाडसर वाळू किंवा विटकरीचा चुरा एक भाग, व चांगलें कुजलेलें शेणखत एक भाग, हें मिश्रण मला फार मानवलें आहे. मूठभर ओलें मिश्रण दाबून सोडलें असतां त्याचा लाडू टिकूं नये, चटकन् फुटावा. ही त्याची परीक्षा.

पाणी, ऊन व खत

पाणी घालण्यास वार ठरवूं नये, मातीस विचारावें. बोट मातींत दोन पेरें खुपसून पाहावें. आंत ओल लागली तर परत फिरावें. कोरडें लागलें तर खालच्या छिद्रांतून पाणी निथळेपर्यंत भरपूर पाणी घालावें, आणि मग माती पुनः कोरडी होईतों कुंडीस हात लावूं नये. कुंडीखालच्या बशींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. सामान्यतः उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदां, हिंवाळ्यांत दहा-पंधरा दिवसांतून एकदां इतकें पाणी पुरतें. पावसाळ्यांत कुंडी वळचणीच्या आंत घ्यावी. संततधार पावसाइतका ह्या झाडास दुसरा शत्रु नाहीं.

तहानेनें आणि अतिपाण्यानें, दोहोंनींहि झाड मान टाकतें. माझी चूक झाली ती येथेंच. परंतु पानास हात लावून पाहिल्यास फरक तत्काळ समजतो. तहानलेल्या झाडाचें पान पातळ व सुरकुतलेलें होतें, पण चिवट राहतें. एकदां पाणी दिलें कीं थोड्याच दिवसांत तें पुनः भरून येतें. अतिपाण्यानें आजारी पडलेल्या झाडाचें पान पिवळें, मऊ व पाणथळ होतें, आणि खोडाचा बुंधा बोटाखालीं दबतो. अशा वेळीं पाणी सर्वथा बंद करावें. बुंधा काळा पडला असल्यास झाडाची आशा सोडून वरचीं निरोगी पानें तोडून घ्यावीं व वर सांगितल्याप्रमाणें वाळूवर ठेवावीं. झाड गेलें तरी त्याचा वंश जात नाहीं.

सकाळचें चार-पांच तास कोंवळें ऊन मिळाल्यास झाड आटोपशीर वाढतें. अंधाऱ्या खोलींत तें उजेडाकडे मान लांबवून किडकिडीत होतें. एप्रिल-मे महिन्यांतील भर दुपारच्या उन्हांत पानें तांबूस पडतात. शेंडा एकदां खुडला म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झाड डेरेदार होतें. खताची त्यास फारशी हांव नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं मूठभर कुजलेलें शेणखत पुरे. दर दोन वर्षांनीं माती बदलावी. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती पिठ्या ढेकणाची कीड समजावी. साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या फडक्यानें ती पुसून काढावी.

पाण्यावांचून तें कसें तगतें?

सर्वसाधारण झाडें दिवसां आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु घेतात व सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें त्यापासून साखर तयार करितात. परंतु छिद्रें उघडीं असतांना पानांतील पाणीहि वाफ होऊन निघून जातें, आणि भर उन्हांत तर फारच. पानफुटीची रीत उलट आहे. ती रात्रीं, हवा थंड व दमट असतांना, छिद्रें उघडते, वायु आंत घेते आणि त्यापासून मॅलिक आम्ल बनवून पानांतील पेशींत सांठवून ठेवते. हेंच आम्ल कच्च्या सफरचंदांत असतें. सूर्य वर आला कीं ती दारें लावून घेते आणि आंत सांठविलेल्या आम्लांतून तो वायु मोकळा करून बंद दाराआड साखर तयार करिते. ह्या युक्तीनें तिचें पुष्कळ पाणी वांचतें. मोठ्या अवर्षणांत ती दिवसरात्र छिद्रें मिटून घेते आणि श्वसनांतून निघणारा वायुच पुनः पुनः वापरून तग धरिते; त्या काळांत ती वाढत नाहीं, पण मरतहि नाहीं. फड्या निवडुंग, घायपात व अननस ह्यांचीहि हीच रीत आहे.

ह्या गोष्टीचा एक आरंभींचा सुगावा आपल्याच देशांत लागला, हें तुम्हांस सांगितलेंच पाहिजे. बेंजामिन हाइन नांवाचा एक जर्मन गृहस्थ मोरेव्हियन मिशनचा मिशनरी म्हणून तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी येथें आला. पुढें तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत मद्रास इलाख्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, आणि 1819 मध्यें मद्रास येथेंच मरण पावला. त्याच्या बागेंत पानफुटी होती. तिचें पान त्यानें पहांटे चाखून पाहिलें, तों तें चुक्याच्या भाजीसारखें आंबट लागलें. दुपारीं त्याच झाडाचें पान बेचव, आणि सायंकाळच्या सुमारास किंचित् कडवट! त्यानें हें लंडनच्या लिनियन सोसायटीच्या एका सभासदास पत्रानें कळविलें व तें पत्र 1815 मध्यें त्या संस्थेच्या ग्रंथमालेंत छापून निघालें. ह्या निरीक्षणामागील सर्व रसायनक्रिया उलगडावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. हाइनजवळ त्या कामीं एकहि उपकरण नव्हतें. एकच पान दिवसांतून तीनदां पाहण्याइतकी सबुरी मात्र होती.

करून पाहण्याजोगे तीन प्रयोग

पहिला : एक जून पान दोऱ्यानें बांधून खिडकींत टांगावें. माती व पाणी ह्यांवांचून त्यास रोपें फुटतात कीं काय, किती दिवसांनीं, व देंठाकडील खांचांतून आधीं कीं टोंकाकडील, ह्याची रोज नोंद ठेवावी.

दुसरा : पानफुटीचीं पानें समोरासमोर जोडीनें येतात. अशी एक जोडी तोडून घ्यावी. एक पान सबंध ठेवावें, दुसरें मधोमध आडवें कापून त्याचा अर्धाच भाग घ्यावा, आणि दोन्हीं ओल्या वाळूवर शेजारीं शेजारीं मांडावीं. महिन्यानें दोहोंवरील रोपें वेगवेगळीं काढून तराजूंत तोलावीं. अमेरिकेंत काम करणारा प्रसिद्ध शास्त्रज्ञ जाक लोब ह्यानें असे पुष्कळ प्रयोग केले व पानाचें वजन जितकें, तितक्या प्रमाणांत रोपांचें वजन, असें त्यास आढळून आलें. तुमचा ताळा त्याच्याशीं जमतो काय तें पाहा.

तिसरा : हा शाळेच्या प्रयोगशाळेंत शिक्षकांदेखत करावा. पहांटे एक पान तोडून तें वाटावें, मोजलेल्या पाण्यांत कालवून फडक्यांतून गाळावें व त्यांत फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावे. मग चुन्याची निवळी थेंबाथेंबानें घालीत गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब मोजावे. सायंकाळीं त्याच झाडाचें तेवढ्याच वजनाचें पान घेऊन तसेंच करावें. सकाळच्या रसास निवळीचे अधिक थेंब लागतात. हाइनला जें जिभेनें कळलें तें तुम्हांस अंकांनीं कळेल.

पालकांस दोन सूचना

हाइनप्रमाणें पान चाखून पाहण्याचा मोह मात्र मुलांनीं टाळावा. ह्या झाडांत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारीं द्रव्यें असतात. ऑस्ट्रेलियांत ह्या जातीचीं झाडें, विशेषतः फुलोऱ्यावर असतांना, खाल्ल्यानें गुरें दगावलीं आहेत. म्हणून कुंडी शेळ्या-गुरांच्या तोंडास लागेल अशा जागीं ठेवूं नये. आपल्याकडे मूतखड्यावर घरगुती औषध म्हणून पानफुटीचा रस देतात. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तो कोणास देऊं नये, मुलांस तर मुळींच नाहीं.

दुसरी सूचना अशी कीं, छाटलेलीं पानें ओढ्याकांठीं किंवा रानांत फेंकूं नयेत. जें पान फडताळामागें जगतें, तें रानांत जगणारच. गालापागोस बेटांवर ह्या झाडानें रान माजवून तेथील मूळच्या वनस्पतींची जागा बळकाविली आहे. नको असलेलीं पानें उन्हांत पूर्ण वाळवून मगच टाकावीं.

शेवटचा शब्द

विद्यार्थिमित्रहो, झाड सुकलेलें दिसलें कीं आपण तांब्या घेऊन धांवतों, आणि मुलाचें काम बिघडलेलें दिसलें कीं आम्ही शिक्षक व पालक त्यास बोलावयास धांवतों. दोन्हीं वेळीं हेतु चांगलाच असतो. परंतु पाणी घालण्यापूर्वीं माती चांचपून पाहावी, आणि दोष देण्यापूर्वीं मुलाचें म्हणणें ऐकून घ्यावें. हें मी वीस वर्षांपूर्वीं एका सातवींतील मुलाकडून शिकलों, आणि अद्यापहि रोज सकाळीं वऱ्हांड्यांतून जातांना त्या कुंड्या मला त्याची आठवण देतात.

येत्या सुटीपूर्वीं ज्यास इच्छा असेल त्यानें माझ्याकडे येऊन एकेक पान घेऊन जावें. तें वहींत घालून गांवीं न्या. वाटेंत तें मरणार नाहीं. जून महिन्यांत परत याल तेव्हां त्यास किती रोपें फुटलीं तें मला सांगा. आणि एकहि न फुटलें तर तेंहि सांगा. काय झालें असावें, तें आपण दोघें मिळून शोधूं.